चिनी अक्षरांतले सारखे दिसणारे रॅडिकल कुठून आले आणि ते वेगळे कसे ओळखायचे?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: यकृत, मेंदू, पाय या अक्षरांत चंद्राचं चिन्ह का दिसतं, कानासारखा भाग काही अक्षरांत डावीकडे, काहींत उजवीकडे का असतो, आणि 214 रॅडिकल, म्हणजे अक्षरांचे ते घटक ज्यांखाली कोशात अक्षरं लावतात, पाठ करावेत का. मी चिनी शिकवते. पहिला प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि तो मला फार आवडतो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

यकृतातला तो चंद्र नव्हेच, ते मांस आहे. चीनमधल्या आन्यांग शहराजवळ सापडलेल्या, शांग राजघराण्याच्या प्राचीन काळात हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेल्या लेखांत चंद्र म्हणजे चंद्रकोर आणि मांस म्हणजे कापलेला तुकडा. आकार तेव्हाही जवळचेच होते. पुढे छिन आणि हान राजघराण्यांच्या काळात कारकून बांबूच्या पट्ट्यांवर कुंचल्याने भराभर लिहू लागले, वळणं सरळ झाली आणि दोन्ही चिन्हं एकाच साच्यात बसली: लांबट चौकट, खालून उघडी, आत दोन आडव्या रेघा. मांस हे अक्षर सुटं लिहिताना वेगळंच राहिलं. दुसऱ्या अक्षराचा भाग झालं की मात्र ते चंद्रासारखं दिसतं. तैवानच्या प्रमाण वळणात हा फरक अजून जपलाय. तिथे मांसाच्या चौकटीत दोन रेघांऐवजी एक ठिपका आणि त्याखाली वर चढणारा छोटा फटकारा असतो. चीनमधल्या आजच्या कोशांत दोन्ही एकाच विभागात घातले आहेत, म्हणून नवशिक्याला सगळीकडे चंद्रच दिसतो.

ओळखायचं ते जागेवरून. चौकट डावीकडे किंवा तळाशी असेल आणि अर्थ शरीराशी जुळत असेल तर मांस: यकृत आणि पाय यांत ती डावीकडे आहे, जठर, पाठ आणि खांदा यांत तळाशी. उजवीकडे असेल तर बहुधा चंद्र, जसं ‘मिंग’ म्हणजे उजळ यात डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र. ‘हू’ हे अक्षर मात्र फसवतं. चौकट उजवीकडे, तरी ते मांसच, कारण त्याचा मूळ अर्थ बैलाच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी. आणि कपडे या अर्थाच्या ‘फू’ मधली चौकट मुळात होडीची आहे! तीन वेगळ्या वस्तू एकाच आकारात येऊन बसल्या.

आता कान. खऱ्या कानाशी त्याचा काही संबंध नाही, चिनी लोक नुसत्या दिसण्यावरून त्याला डावा कान, उजवा कान म्हणतात. डावीकडचा म्हणजे टेकाड, चढ. उजवीकडचा म्हणजे वस्ती: जुन्या रूपात वर तटबंदीची चौकट आणि खाली गुडघे टेकून बसलेला माणूस. म्हणून राजधानी, शहराबाहेरचा भाग, शेजारी या अक्षरांत कान उजवीकडे. चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांच्या आडनावातही उजवीकडेच, कारण डेंग हे एका प्राचीन राज्याचं नाव होतं. ‘यांग’मध्ये तो डावीकडे असतो, कारण यांग म्हणजे टेकडीची उन्हाची बाजू. डोंगराला ऊन दक्षिणेकडून मिळतं, नदीच्या खोऱ्यात उत्तरेच्या काठाला. त्यामुळे लुओ नदीच्या उत्तरेला लुओयांग, आणि यांगत्से नदीच्या दक्षिणेला, म्हणजे सावलीच्या बाजूला, जियांगयिन. नकाशा उघडून पाहा, फार मजा येते.

वस्त्र आणि देवाची वेदी या दोन रॅडिकलांत एका ठिपक्याचा फरक आहे आणि मराठी मुलं घ आणि ध मध्ये गोंधळतात तसे चिनी मुलंही इथे गोंधळतात. दोन्ही पूर्ण अक्षरं शेजारीशेजारी लिहा. वस्त्राच्या खालच्या उजव्या अंगाला दोन फटकारे आहेत, वेदीच्या एकच. डावीकडे अंग चोरून बसताना त्यांनी तेच दोन आणि एक सोबत नेले. पँट, मोजे, गोधडी यांत दोन. देव, पूर्वज, आशीर्वाद यांत एक. ‘छू’ म्हणजे आरंभ, यात वस्त्राशेजारी सुरी आहे. कापड बेतायला घेतलं की कपड्याची सुरुवात झाली. हे एकदा कळलं की तिथे दुसरा ठिपका विसरत नाही.

तळाच्या चार ठिपक्यांबद्दल एवढंच: शिजवणे, गरम यांत ते विस्तव आहेत. पण पारंपरिक, म्हणजे सोपी न केलेल्या लिपीत माशाखाली तेच ठिपके शेपटी असतात आणि घोड्याखाली पाय.

214 पाठ करू नका. हा आकडा कोशकारांच्या सोयीचा आहे. इ. स. 100 च्या सुमारास शू शेन यांनी आपल्या कोशात 540 विभाग केले होते. 1615 मध्ये मेई यिंगझुओ यांनी ते 214 वर आणले, आणि 1716 च्या कांगशी कोशाने तीच मांडणी घेतल्यामुळे ती रूढ झाली. शू शेन यांचे काही खुलासे आज मान्य नाहीत, कारण हाडांवरचे लेख 1899 नंतरच अभ्यासकांच्या हाती आले. तेव्हा नव्या पुस्तकात जुनी व्युत्पत्ती वाचलीत तर शांग काळातलं चित्र सोबत दिलंय का, ते आधी बघा. सुरुवातीला पाणी, माणूस, हात, तोंड, झाड, मांस, वस्त्र, वेदी आणि हे दोन कान एवढे पक्के करा. बाकीचे अक्षरं शिकता शिकता आपोआप ओळखीचे होतात.