लंडन-पॅरिस रेल्वेगाडीसाठी स्टेशनावर किती आधी पोहोचावे?

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी, वय ६४ आणि ६१, येत्या मे महिन्यात मुलीकडे लंडनला जाणार आहोत आणि तेथून चार दिवसांसाठी युरोस्टार या कंपनीच्या रेल्वेगाडीने पॅरिसला जाण्याचा बेत आहे. गाडी सकाळी साडेदहाच्या सुमारास सुटते. मुलगी म्हणते, दोन तास आधी पोहोचा. जावई म्हणतात, ते काही विमान नव्हे, पाऊण तास पुरे होतो. आम्ही मात्र आजवर गाडी सुटण्याच्या पंधरा मिनिटे आधी फलाटावर जात आलो आहोत. नेमका किती वेळ हाताशी ठेवावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या बाबतीत मुलीचे म्हणणे अधिक बरोबर आहे. तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती गाडी सुटण्याची असते. परंतु लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात चेक-इनचे दार साधारण तिकिटाच्या प्रवाशांसाठी त्याच्या ३० मिनिटे आधी बंद होते आणि ते बंद झाल्यावर समोर गाडी उभी दिसत असली तरी आत जाता येत नाही. म्हणजे साडेदहाची गाडी आपल्यासाठी दहा वाजताच सुटते, असे मनाशी धरून चालावे. तिकिटावर किंवा ॲपवर स्थानकात येण्याची सुचवलेली वेळ दिलेली असेल, तर ती पाळावीच. पण भारतीय पासपोर्ट आणि पहिलाच प्रवास हे दोन्ही लक्षात घेता, आपण साडेआठ ते पावणेनऊच्या दरम्यान स्थानकात असावे, असे मी सुचवेन. त्याहून फार लवकर जाण्यात लाभ नाही, कारण गर्दीच्या दिवशी आधीच्या गाडीच्या प्रवाशांना प्रथम आत घेतात आणि बाकीच्यांना बाहेर थांबावे लागते.

एवढा वेळ का लागतो, हे समजले की पुढे कोणत्याही देशातील गाडीसाठी आपला अंदाज आपल्यालाच बांधता येईल. हा वेळ गाडीसाठी नसून सीमेसाठी असतो. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये सुमारे ५० किलोमीटर लांबीचा बोगदा आहे, त्यातील ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली आहेत, आणि धावत्या गाडीत किंवा बोगद्याच्या तोंडाशी प्रवाशांना उतरवून तपासणे सोयीचे नसल्यामुळे दोन्ही देशांनी परस्परांच्या स्थानकांत आपापले अधिकारी बसवले आहेत. त्यामुळे फ्रान्समध्ये प्रवेश देणारा फ्रेंच पोलीस आपल्याला लंडनमध्येच भेटतो आणि पॅरिसला उतरल्यावर आपण बहुधा कोणाला काही न दाखवता थेट मेट्रोकडे चालू लागतो. आपल्याकडे कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस २००८ साली सुरू झाली तेव्हा तपासणी सीमेवरच्या गेदे आणि दर्शना या स्थानकांत होत असे आणि त्यात काही तास जात. २०१७ पासून ती प्रवासाच्या दोन टोकांना हलवण्यात आली. सीमेवरचा खोळंबा गेला, पण तोच वेळ स्थानकात आधी द्यावा लागू लागला.

सेंट पँक्रसला प्रथम तिकीट दाखवून आत जायचे, मग विमानतळासारखी सामानाची क्ष-किरण तपासणी, त्यानंतर फ्रेंच पासपोर्ट तपासणी, असा क्रम असतो. मोठ्या गाडीत सुमारे नऊशे प्रवासी बसतात आणि ते सगळे याच वाटेने जातात. त्यातच १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाबाहेरील प्रवाशांची संगणकीय नोंद करणारी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. तिच्यात पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन नोंद केली जाते आणि आपल्यासारख्या शेंगेन (म्हणजे आपसांतील सीमेवर नेहमीची पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या समूहाच्या) व्हिसाधारकांचे बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळी दिलेल्या ठशांशी ताडून पाहता येतात. आधार केंद्रातील यंत्रावर ज्यांचे ठसे पटकन उमटत नाहीत, अशा ज्येष्ठांनी येथेही थोडा अधिक वेळ गृहीत धरावा. परतीचे तिकीट, हॉटेलची नोंदणी आणि विम्याचे कागद मोठ्या बॅगेत तळाशी न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. अधिकाऱ्याने ते मागितले आणि रांगेत उभ्या उभ्या बॅग उघडावी लागली, तर आपलाही जीव घाबरा होतो आणि मागच्यांचाही खोळंबा होतो. साजूक तूप, पेढे असे पदार्थ मात्र सोबत घेऊ नका, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य व मांसजन्य पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत.

सगळे पार पडल्यावर फलाटावर पोहोचायलाही वेळ लागतो. गाडी सुमारे ४०० मीटर लांब, सोळा डब्यांची असते आणि आपला डबा दुसऱ्या टोकाला असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते अंतर कमी नाही. चालण्याचा त्रास असेल तर मदतीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी.

परतीच्या वेळी अधिक सावध राहा. पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकात लंडनच्या गाड्यांचे चेक-इन वरच्या मजल्यावर असते. तेथे फ्रान्समधून बाहेर पडण्याची आणि लगेच पुढे ब्रिटनमध्ये शिरण्याची अशा दोन पासपोर्ट तपासण्या होतात आणि त्यानंतर सामान तपासले जाते. ब्रिटनची स्वयंचलित दारे भारतीय पासपोर्टसाठी उघडत नाहीत, त्यामुळे अधिकाऱ्याच्या खिडकीपुढच्या रांगेतच उभे राहावे लागते. येथे पूर्ण दोन तास द्यावेत, असे माझे मत आहे. घड्याळही तपासा, पॅरिस लंडनच्या एक तास पुढे असते आणि तिकिटावर त्या त्या स्थानकाची स्थानिक वेळ छापलेली असते.

प्रश्न : आम्ही पॅरिसहून ॲमस्टरडॅमला रेल्वेने जाणार आहोत. गाडी युरोस्टारचीच आहे. मग तेथेही दोन तास आधी जावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे या मार्गावर पासपोर्टच्या खिडक्या नाहीत आणि वर सांगितलेले चेक-इनही नाही. गाडी स्थानकातल्या नेहमीच्या फलाटावरून सुटते. वीस मिनिटे ते अर्धा तास आधी पोहोचलात तर फलाट शोधून, सामान चढवून निवांत बसता येईल. पासपोर्ट मात्र जवळच ठेवा, कारण वाटेत अधूनमधून पोलीस तपासणी होते. पुढे ॲमस्टरडॅमहून थेट लंडनला जाणार असाल, तर पुन्हा पॅरिससारख्याच दोन्ही देशांच्या तपासण्या तेथील स्थानकात होतील आणि त्या दिवशी दोन तासांचा हिशेब धरावा लागेल.