डिस्कोर्स, विचार आणि पाणिनीचं 'प्रोक्त'

प्रश्न असा आलाय: "रेजीन रोबँ या फ्रेंच विदुषीवर टिपण लिहितेय. फ्रेंच डिस्कोर्स अॅनालिसिस, इतिहास आणि साहित्य, तिन्हीत तिचं काम आहे. डिस्कोर्स अॅनालिसिसला 'संवाद-विश्लेषण' म्हटलं तर चालेल का?"

नाही चालणार. डिस्कोर्स अॅनालिसिस म्हणजे बोललेल्या-लिहिलेल्या मजकुरात कोण बोलतंय, कुठून आणि कसं, ते तपासणं. संवादाला दोघं लागतात, इथे कुणी कुणाशी गप्पा मारत नाहीये. 'संभाषित'ही तसलंच, वाचलं की दोन माणसं चहा घेत बसल्यासारखी वाटतात. आणि 'विमर्श' तर नकोच नको, हिंदीतून उचलून हल्ली प्रत्येक परिसंवादाच्या बॅनरवर चिकटवलेला असतो, कुणी विचारतही नाही की मृश् म्हणजे स्पर्श करणं, चाचपणं, म्हणजे विमर्श ही मुळात चाचपणी! (बऱ्याच परिसंवादांत तेच चालतं, ते सोडा.)

आता खरी मजा. फ्रेंच 'दिस्कूर'च्या (म्हणजे डिस्कोर्सच्या) मागे लॅटिन 'दिस्कुर्रेरे' आहे, म्हणजे इकडेतिकडे धावणं. कुर्रेरे म्हणजे धावणं, आपले कुरियर, कॉरिडॉर, करन्सी आणि स्क्रीनवर लुकलुकणारा कर्सर, सगळी त्याचीच पोरं. आणि आपल्याकडे? वि अधिक चर्, वेगवेगळ्या वाटांनी हिंडणं, त्याचा झाला 'विचार'! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच शब्द घडवला, तिकडे धावून धावून बोलणं झालं, इकडे हिंडून हिंडून विचार झाला. मात्र चर् आणि कुर्रेरे एकच धातू असं कुणी ठोकून देत असेल तर ते साफ चूक आहे. चर्चं नातं लॅटिन 'कोलेरे'शी, ज्यातून कल्चर आणि कॉलनी आले. कान सारखे दिसले म्हणून भावंडं ठरत नाहीत, हे किती वेळा सांगायचं!

पण एवढी सुंदर जोडी हाताशी असून 'विचार-विश्लेषण' म्हणता येत नाही, आणि त्याला कारण रोबँच. 1939 साली पॅरिसमध्ये, पोलंडहून आलेल्या यिद्दिश बोलणाऱ्या ज्यू घरात जन्मलेली ही बाई, पुढे माँट्रियलला जाऊन शिकवू लागली. तिच्या 1983 च्या कादंबरीचं नावच 'ला केबेक्वात', म्हणजे 'केबेक्वाज' (कॅनडातल्या केबेक प्रांताची बाई) या शब्दात 'क्वात' (गप्प, मुकी) घुसवलेलं, भाषा बदलली की माणूस मुकं होतं ते एका शब्दात! असो. त्याआधी 1973 मध्ये तिचं 'इतिहास आणि भाषाविज्ञान' हे पुस्तक आलं, आणि त्यात इतिहासकारांना ती हेच सांगते की कागद म्हणजे काच नाही, शब्दांतून आरपार बघून मागचा 'विचार' उचलून आणू नका, आधी शब्दांशीच थांबा.

तिने अभ्यासल्या होत्या 1789 च्या गाऱ्हाण्यांच्या वह्या, बर्गंडीतल्या सम्यूर-आँ-ओस्वा भागातल्या. राजाने एस्टेट्स जनरल (पाद्री, सरदार आणि उरलेली प्रजा या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा) बोलावलं तेव्हा फ्रान्सभर गावोगाव अशा वह्या लिहिल्या गेल्या. आता गंमत बघा, अनेक ठिकाणी नमुना-वह्या फिरत होत्या, लिहिणारा बऱ्याचदा वकील नाहीतर गावातला पाद्री. म्हणजे तक्रार शेतकऱ्याची, वाक्य भलत्याचंच. मग बोलतंय कोण?

याला शब्द हवा तर 'प्रोक्ती' घ्या. परिभाषेच्या कोशांतला म्हणून लोक नाक मुरडतात, उच्चारताना जीभ अडखळते म्हणतात, अडखळू दे. पाणिनीचं एक सूत्र आहे 'तेन प्रोक्तम्', त्याने सांगितलेलं, आणि पुढे वेगळं सूत्र 'कृते ग्रन्थे', त्याने रचलेला ग्रंथ. सांगणारा आणि रचणारा यांचे हिशेब त्याने वेगळे ठेवलेत, दिस्कूरवाल्यांच्या दोन हजार वर्षं आधी! ओस्वातल्या त्या वह्या गावांनी सांगितलेल्या, गावांनी रचलेल्या असतीलच असं नाही.

तेव्हा टिपणात 'प्रोक्ती-विश्लेषण' लिहा. आणि ते आडनाव 'रॉबिन' लिहू नका, रोबँ.