सीसीए मुरवलेल्या खांबातलं औषध पावसात धुऊन जातं का?

निलगिरीचे हिरवट खांब उतरवताना हाताला पिवळसर पाणी लागलं, हे कुंपणाला आणि भाजीच्या वाफ्याच्या कडेला चालतील का, असं विचारलंय तुम्ही. कुंपणाला चालतील, पण लगेच रोवू नका. वाफ्याला नकोच.

सीसीए म्हणजे लाकूड कुजू नये, वाळवी लागू नये म्हणून मुरवायचं औषध: आर्सेनिक पेंटॉक्साइड, मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार), वजनाने १:३:४. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी शोधलेलं हे मिश्रण. टाकीत दाबाने लाकडात शिरतं तेव्हा ते पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. लाकडातली लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारा घटक) आणि शर्करा सहा संयुजेच्या क्रोमियमला तीन संयुजेवर आणतात, आम्लता उतरते, आर्सेनिक क्रोमियमबरोबर न विरघळणारा क्षार होऊन बसतं आणि तांबं लाकडातल्या आम्लगटांना चिकटतं. याला ओल आणि ऊब दोन्ही लागतात. २० अंशांच्या आसपास दोन-तीन आठवडे धरा, थंडीत बरेच जास्त. तुमच्या हाताला लागलेला पिवळेपणा म्हणजे डायक्रोमेट अजून मोकळं आहे. घाईने उन्हात कडक वाळवलं तर ओल आधी जाते आणि क्रिया अर्धवट राहते. म्हणून खांब सावलीत, प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा, पाऊस लागू देऊ नका, हातमोजे घाला.

पुरवठादाराला क्रोमोट्रोपिक आम्लाची चाचणी मागा: १०० मिली १ नॉर्मल गंधकाम्लात अर्धा ग्रॅम. त्यात भिजवलेल्या टिपकागदावर खांबाला भोक पाडून काढलेली ओली लाकडी कांडी दाबायची. पंधरा मिनिटांत जांभळा डाग उठला तर माल कच्चा, म्हणजे क्रोमियम अजून बसलेलं नाही.

पक्का झालेला खांबही थोडं सोडतोच. पहिल्या पावसांत जास्त, मग कमी कमी होत जातं. वाफ्यात मात्र गोष्ट वेगळी. कुजणाऱ्या खताची सेंद्रिय आम्लं धातूंना धरून विरघळवतात, साध्या पावसापेक्षा कितीतरी जोरात. सायट्रिक आम्लात तर बसलेला क्षारही सुटतो. सुटलेलं आर्सेनिक लाकडालगतच्या मातीत साचतं, नेमकं मुळा-गाजराच्या जागी. तिथे जांभा किंवा विटा लावा. बोरॅक्स-बोरिकमध्ये बुडवलेलं लाकूड हा पर्याय काही जण सुचवतील, पण बोरॉन कशालाच चिकटत नाही. उघड्यावर ते पावसाबरोबर निघून जातं.

खांब कापावा लागला तर कापलेलं टोक वर ठेवा, कारखान्यातलं टोक जमिनीत. आतल्या लाकडात औषध फारसं शिरलेलं नसतं, ते कापून उघडं पडलं की वाळवीला आत शिरायला तेवढं पुरतं. भुसा गोळा करा, आणि तुकडे चुलीत किंवा शेकोटीत अजिबात नकोत: आर्सेनिक काही धुरात जातं, उरलेलं राखेत राहतं, आणि राखेतलं पाण्यात सहज विरघळतं.