शेतातला रोबोट ४जी सिमवर दुरून का जोडला जात नाही?

आपला प्रश्न असा आहे की द्राक्षबागेत फवारणी करणारा छोटा रोबोट घरच्या वायफायवर नीट चालतो, पण ४जी सिम टाकून बागेत नेल्यावर पुण्याहून त्याला जोडता येत नाही, आणि कसाबसा जोडला तर व्हिडिओ तुटतो. गरज पडल्यास तो दुरून चालवायचाही आहे, आणि त्यासाठी दोन कंपन्यांची सिम लावावीत का, असेही आपण विचारले आहे. दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत अशाच यंत्रावर मी दोन हंगाम काम केले आहे, त्यावरून उत्तर देतो.

न जोडण्याचे कारण बहुधा सोपे आहे. रोबोटच्या मोडेमला मिळालेला आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो मोबाइल कंपनीच्या आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे. असंख्य ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरत असतात, म्हणून बाहेरून आलेली हाक नेमकी कोणाकडे पाठवायची हे कंपनीच्या यंत्रणेला कळतच नाही. त्यामुळे आपण रोबोटला हाक मारायची नाही, रोबोटने आपल्याला मारायची. सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा, रोबोट सुरू होताच त्याने वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरने त्या सर्व्हरशी बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खाजगी वाट, जोडावा, आणि आपणही पुण्याहून त्याच सर्व्हरवर यावे. वायरगार्डमध्ये दर २५ सेकंदांनी एक रिकामा संदेश पाठवण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. नाहीतर थोडा वेळ शांतता राहिली की कंपनीची यंत्रणा ती वाट बंद करते. आपण आरओएस २ (रोबोटचे प्रोग्राम एकमेकांशी जोडणारे सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: त्यातील घटक मल्टिकास्टने, म्हणजे जाळ्यावर सगळ्यांना एकदम हाक मारून, एकमेकांना शोधतात, ती पद्धत या बोगद्यातून चालत नाही, आणि घटकांची ओळख करून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता हाताने द्यावा लागतो.

आमचे आठ दिवस मात्र भलत्याच गोष्टीत गेले. बागेच्या खालच्या टोकाला, ओढ्याकडच्या चार-पाच ओळींत रोबोट शिरला की मोडेम नाहीसा व्हायचा. नुसते इंटरनेट जायचे असे नाही, तर संगणकाच्या यूएसबी यादीतूनच मोडेम गायब व्हायचा. आम्ही सगळा दोष टॉवरला देत होतो. शेवटी एकाने मोडेमच्या वीजजोडणीला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारे यंत्र) लावला, तेव्हा कळले की सिग्नल क्षीण झाला की मोडेम जोर लावून प्रक्षेपण करतो, आणि तो २जीवर उतरला तर क्षणभर जवळजवळ २ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. रोबोटमधल्या छोट्या संगणकाच्या यूएसबीला ते झेपत नव्हते, व्होल्टेज खाली यायचे आणि मोडेम पुन्हा सुरू व्हायचा. म्हणजे रेंज कमी होती हे खरे, पण मोडेम पडत होता तो विजेमुळे. मोडेमला बॅटरीवरून स्वतंत्र पुरवठा दिला आणि जवळच मोठा कपॅसिटर बसवला, तेव्हा तो त्रास थांबला. अँटेनाही आम्ही सुरुवातीला फवारणीच्या टाकीला चिकटून लावला होता. भरलेली टाकी आणि ओली पाने दोन्ही सिग्नल अडवतात, त्यामुळे अँटेना शक्य तितका उंच आणि टाकीपासून दूर न्यावा. मोबाइलवरच्या रेंजच्या काड्यांवर विसंबू नका. मोडेमकडून आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्पष्ट) हे आकडे घेऊन जीपीएसच्या स्थानासह नोंदवत एकदा सगळ्या ओळी फिरा, म्हणजे बागेचा खरा नकाशा हाती येतो.

व्हिडिओ तुटण्याचे कारण वेगळे आहे. मोबाइलचे जाळे मुख्यतः खाली उतरणाऱ्या माहितीसाठी आखलेले असते, कारण बहुतेक ग्राहक पाहतात, पाठवत नाहीत. आपला रोबोट याच्या उलट वागतो. २३०० मेगाहर्ट्झच्या ४० क्रमांकाच्या बँडवर (वारंवारतेच्या पट्ट्यावर) खाली आणि वर जाणारी माहिती एकाच वारंवारतेवर आलटून पालटून जाते आणि वेळेचा मोठा वाटा खालच्या दिशेला दिलेला असतो. दुरून रेंज कमी असेल तर १८०० किंवा ८५० मेगाहर्ट्झचा बँड वर पाठवण्यासाठी अनेकदा बरा पडतो, आणि बऱ्याच मोडेममध्ये तो निवडता येतो. व्हिडिओ सेकंदाला १ मेगाबिटवर आणला तरी तासाला ४५० एमबी जातात, म्हणजे दिवसाला २ जीबीचे पॅक साडेचार तासांत संपते. आम्ही शेवटी सतत व्हिडिओ सोडला. दर दोन सेकंदांनी एक लहान चित्र, आणि अडचण आली तरच पूर्ण व्हिडिओ. आरटीके जीपीएसला (काही सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान देणाऱ्या जीपीएसला) लागणारा दुरुस्तीचा डेटा मात्र तासाला काही एमबीच असतो, त्याची काळजी करू नये.

आता आपल्या प्रश्नातील ‘गरज पडल्यास चालवणे’ या भागाकडे येतो, कारण मला तो सर्वांत चिंतेचा वाटतो. ४जीवर संदेश एरवी शंभर मिलिसेकंदांच्या आत पोहोचतो, पण टॉवर बदलताना किंवा संध्याकाळी गावभर मोबाइल सुरू झाल्यावर तोच एखाद-दोन सेकंद अडकू शकतो. सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेला रोबोट तेवढ्यात दोन मीटर पुढे गेलेला असतो, आणि ओळींमधले अंतर असते जेमतेम नऊ फूट. म्हणून दुरून चाक फिरवू नका. ‘या ओळीच्या टोकापर्यंत जा’ एवढाच आदेश पाठवा, बाकी निर्णय रोबोटवरच होऊ द्या, आणि अर्धा सेकंद संपर्क तुटला तर हाताने दिलेली हालचाल आपोआप थांबेल असा टायमर मोटर नियंत्रकातच ठेवा.

राहिला दोन कंपन्यांच्या सिमचा प्रश्न. लावावीत, पण आधी बागेभोवतीचे मनोरे पाहून या. आपल्याकडे दोन कंपन्यांचे अँटेना अनेकदा एकाच मनोऱ्यावर असतात, आणि वीज जाऊन त्याची बॅटरी संपली की दोन्ही सिम एकाच वेळी मुकी होतात. त्यामुळे आपत्कालीन थांबा या जाळ्यावर ठेवूच नये. बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातील साधा रेडिओ रिमोट द्यावा, आणि त्याचा संदेश येणे बंद झाले तरीही रिलेने मोटरची वीज तोडावी.