मशिनं दिवसभर चालतात, तरी डिस्पॅच लेट का?

प्रश्न: भोसरीला आमचं छोटं वर्कशॉप आहे, पिना आणि शाफ्ट बनवतो. दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारे लेथ, त्यांच्यावर टर्निंग करून पिन कापून निघते, आणि मग ती घासून नेमक्या मापात आणायला एक सिलिंड्रिकल ग्राइंडर. मशिनं दिवसभर चालू असतात, सीएनसीवाल्यांना ओव्हरटाइम पण देतो, तरी दर महिन्याला पार्टीचा फोन येतोच, माल कुठंय म्हणून. मुलगी एमबीए करतेय, ती म्हणते बाबा, एक सीएनसी मधून मधून बंद ठेवा, रिसर्च असंच सांगतो. ज्या मशिनचा हप्ता चालू आहे ते बंद ठेवायचं हे काही पटत नाही. - एक वाचक, भोसरी

उत्तर: दादा, मुलगी बरोबर सांगतेय. उद्या सकाळी शॉपमध्ये गेलात की ऑफिसात बसायच्या आधी ग्राइंडरपाशी जा आणि त्याच्यापुढं किती क्रेट पडलेत ते मोजा. समजा ९०० पिना पडल्यात आणि ग्राइंडर दिवसाला १५० काढतो, तर आज सीएनसीवरून उतरलेल्या पिनेचा नंबर ६ दिवसांनी लागणार. याला लिटल्स लॉ म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ साली गणितानं सिद्ध केला. आता सीएनसीला ओव्हरटाइम दिलात की ढीग होतो १२०० चा, म्हणजे ८ दिवस. पदरचे पैसे घालून आपणच उशीर वाढवतो, आणि हे इतक्या शॉपमध्ये होतं की बघून जीव तुटतो.

मुलगी शिकतेय ती थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्स. इस्रायलचे एलियाहू गोल्डरॅट, मूळचे फिजिक्सवाले, त्यांनी १९८० च्या दशकात ती पुढं आणली. म्हणणं साधं आहे, जिथं माल अडतो त्या जागेच्या वेगानंच अख्खा कारखाना चालतो, तिथं एक तास गेला की सगळ्या शॉपचा तास गेला, आणि बाकी मशिनवर वाचवलेला तास नुसता क्रेटमध्ये जाऊन पडतो. हप्ता सीएनसीचा असला तरी तो फेडायचा पैसा ग्राइंडरमधून बाहेर पडलेल्या पिनेतूनच येतो ना!

तेव्हा आधी ग्राइंडर सांभाळा. जेवणाच्या सुट्टीत तो थांबत असेल तर बदली माणूस उभा करा, एका सीएनसी ऑपरेटरला ग्राइंडिंग शिकवलं तरी भागेल. पुढच्या जॉबचं ड्रॉइंग, गेज, सेटिंगचं सामान आधीच काढून ठेवा. आणि चेकिंग ग्राइंडरच्या आधी करा, टर्निंगमध्येच जास्त मटेरियल गेलेली पिन ग्राइंडरवर चढली की त्याचा वेळ फुकट जातो, तो परत मिळत नाही. सीएनसीला नवीन बार, म्हणजे कच्च्या मालाची सळई, द्यायचा तो ग्राइंडर जेवढं काढेल तेवढाच, पुढ्यात दीड-दोन दिवसांचा माल राहील इतपत, त्याच्या वर गेला की सीएनसी खुशाल थांबवा. दुसरा ग्राइंडर घ्यायचा विचार एवढं सगळं करून झाल्यावर, आणि तोवर फारच अडलं तर थोडं ग्राइंडिंग बाहेर जॉबवर्कला द्या, तिथला दर जास्त वाटला तरी ओव्हरटाइमशी ताडून बघा.

एक काम मुलीलाच सांगा. आठवडाभर वही घेऊन ग्राइंडरपाशी बसू दे आणि तो किती वाजता थांबला, कशामुळं थांबला, परत कधी चालू झाला एवढंच लिहू दे. ती वही आली की पुढचं बोलू.