ख्रिस्ती धर्मात सगळे समान, मग त्यांच्या लग्नाच्या जाहिरातीत जात कशी येते?

तुमचा प्रश्न असा की 'देवापुढे सगळे सारखे' म्हणणारे ख्रिस्ती लोक स्थळं बघताना जात का विचारतात. टोमणा बरोबर जागी लागलाय.

मी नगर जिल्ह्यातला, चौथ्या पिढीतला ख्रिस्ती. आमच्याकडे दोन अनोळखी कुटुंबं भेटली की 'सलाम' होतो, चहा होतो आणि मग कोणीतरी हळूच विचारतं, "तुम्ही मूळचे कोण?" गाव विचारलेलं नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. माझ्या बहिणीच्या वेळी एका स्थळाने असंच विचारलं. वडील म्हणाले, "मूळचे शेवगावचे," आणि बिस्किट चहात बुडवून खात बसले. ते स्थळ परत आलं नाही.

आता शास्त्राचं. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे की देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला. कुठल्या गुणामुळे किंवा कुळामुळे असं काही तिथे म्हटलेलं नाही. पण चर्चमध्ये भिंतीवर रंगवलेलं असतं ते बहुतेक गलतीकरांस पत्रातलं, ज्यात सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल म्हणतो की यहूदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद ख्रिस्तात उरत नाही. ते वचन सगळ्यांना पाठ असतं. त्याच पत्रातला त्याच्या अलीकडचा अध्याय मात्र कमी लोक वाचतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

तिथे भांडण चाललंय ते पंगतीवरून. अंत्युखिया शहरात येशूचा पट्टशिष्य पेत्र यहूदी नसलेल्यांबरोबर एका ताटाला जेवत होता. यरुशलेमेहून तिथल्या चर्चचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली, आणि ती काय म्हणतील या भीतीने पेत्र बाजूला झाला. त्याचं बघून बाकीचे यहूदीही उठले. साक्षात पेत्र! पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. म्हणजे भेद नाही हे वाक्य ज्या पत्रात येतं, त्या पत्रात आधी 'तू पंगतीतून का उठलास' हा जाब आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

करिंथ शहरातल्या चर्चमध्येही तेच. प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायच्या विधीला) जमलेल्यांपैकी काही जण आपापलं आधीच खाऊन-पिऊन तर्र, आणि काही उपाशी. पौल विचारतो, तुम्हाला खायला-प्यायला घरं नाहीत का? (अर्थात पौलाने गुलामगिरी बंद करा असं कुठे स्पष्ट लिहिलेलं नाही. पळून आलेल्या अनेसिम या गुलामाला 'दास नव्हे, भाऊ म्हणून स्वीकार' असं त्याच्या मालकाला, फिलेमोनाला लिहून परत पाठवलं, तिथेच तो थांबला. मला ते अजून खटकतं.)

आपल्या देशात पंगतीचा हा प्रश्न सुटला असं नाही. गोव्यात बामण, चारडो, सुदीर हे जातींचे भेद बाप्तिस्म्यानंतरही राहिले, चर्चच्या कॉन्फ्रारी, म्हणजे भाविकांची मंडळंसुद्धा, त्याच रेषांवर वेगळ्या झाल्या. तमिळ मुलखातल्या चर्चमध्ये जातीप्रमाणे बसायच्या जागा वेगळ्या असत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी, जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा, असं फर्मावलं. तेव्हा पुष्कळांनी चर्च सोडलं, जात नाही. उलट उदाहरण आमच्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला तरी त्या सोवळं पाळत राहिल्या. जात माणसाने केलेली आहे असं मनाला पटल्यावर त्यांनी आधी जातिभेद सोडला, बाप्तिस्मा त्यानंतर घेतला.

सरकारदरबारी मात्र ख्रिस्ती झालं की जात गेली असं धरतात. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात, पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये बाकीचे शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान नाहीत. मद्रासचे सूसै नावाचे चर्मकार रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवायचे. तसंच काम करणाऱ्या अनुसूचित जातीच्या लोकांना सरकारी योजनेतून टपऱ्या मिळाल्या, सूसैंना नाही, कारण ते ख्रिस्ती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८५ मध्ये ते हरले. धर्म बदलल्यावरही जात उरते एवढं दाखवून भागत नाही, नव्या धर्मातही तितकाच जाच आहे हे सिद्ध करा, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. आता हे सिद्ध करायला चर्चमधलेच लोक साक्षीला उभे राहणार का?

आजी तिच्या लहानपणची एक गोष्ट सांगायची. वाडीतल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला एकच पेला फिरायचा. वरच्या जातीतून आलेले एक मास्तर कायम पहिल्या बाकाच्या टोकाला बसायचे, म्हणजे पेला आधी त्यांच्याकडे. कोणी काही बोलायचं नाही. एका रविवारी पाळकसाहेबांनी मागच्या सतरंजीपासून सुरुवात केली. पेला सगळ्या वाडीच्या ओठांना लागून मास्तरांकडे शेवटी आला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. आजी म्हणायची, "बाया गाणं म्हणायच्या थांबल्या." मग मास्तर प्यायले, आणि पुढच्या रविवारी येऊन सतरंजीवर बसले.

आता आमच्याकडे प्रत्येकाला प्लास्टिकचा वेगळा छोटा पेला असतो. स्वच्छतेसाठी ते ठीकच आहे, पण आजी शेवटपर्यंत त्यावर कुरकुरत राहिली.

आणि बहिणीचं म्हणाल तर तिचं लग्न पुढे जमलं. त्या घराने 'मूळचे कोण' असं एकदाही विचारलं नाही. आम्ही बरेच दिवस त्यांचं कौतुक करत होतो. नंतर कळलं, चौकशी त्यांनी आमच्या गावातून आधीच करून घेतली होती.