पंचवीस म्हटलं की ५२ लिहितो!

प्रश्न : ताई, मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यम. वाचतो छान, पण आकड्यांचा नुसता गोंधळ. पंचवीस म्हटलं की ५२ लिहितो, एकोणतीस म्हटलं की ३९. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा इंग्लिश मीडियमला आहे, त्याचं असं होत नाही. सासूबाई म्हणतात पाढे घोकून घे, मी रोज १ ते १०० लिहून घेते, आता तर वही काढली की रडायलाच लागतो. काही प्रॉब्लेम असेल का?
– एक आई, नाशिक

उत्तर : अहो, आधी ते १ ते १०० बंद करा बरं. पंचवीसमध्ये आधी पाच ऐकू येतो मग वीस, तो त्याच क्रमाने लिहितोय, कान अगदी शाबूत आहेत त्याचे. इंग्रजीत ट्वेंटी आधी येतं म्हणून शेजारच्याला सोपं (थर्टीन-फोर्टीनला तीही मुलं अडखळतात, सांगत नाही कुणी), आणि जर्मनमध्येही आपल्यासारखंच उलटं असल्याने तिथल्या मुलांचीही हीच रड. एकोणतीस तर त्याहून वाईट, कानावर पडतं तीस आणि लिहायचं २९, आणि ८९ पर्यंत हा एकोण सांभाळला की ९९ ला अचानक नव्व्याण्णव!

म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात पंचवीसच्या जोडीला ‘वीस पाच’ दिलं होतं. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख, तरी केवढी टिंगल झाली, पार विधानसभेत विषय गेला. मला विचाराल तर घरी बिनधास्त वापरा, त्याने काही मराठी बुडत नाही.

आईस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा, थोड्या सुट्या ठेवा. पंचवीस दे म्हणा, तो दोन गठ्ठे नि पाच सुट्या देईल, मग तोंडाने ‘वीस पाच, पंचवीस’ आणि मगच पेन्सिल. एकोणतीसला तीन गठ्ठे ठेवा आणि म्हणा यातली एकच काडी मला दे. आता रबर काढून गठ्ठा सोडावाच लागतो, दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या समोर पडतात, ३९ का नाही ते सांगावं लागत नाही. पाढे नंतर, सासूबाईंना सांगा पळून नाही जात.

केंद्राच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत पहिलीला ९९, दुसरीला ९९९ पर्यंत आकडे अपेक्षित आहेत खरे, पण केंद्राचंच २०२० चं दप्तर धोरण तर दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हणतं. तेव्हा दिवसाला दहा मिनिटं काड्या, बास. हां, काही महिने असं करूनही काड्या हातात असताना ३४ मोठे की ४३ हे सांगता येत नसेल तर मात्र वर्गाच्या बाईंशी बोला, नुसतं उलटं लिहितो म्हणून नको.